पाहुण्यांना समुद्रावर पाठवताना

'टोक्यो स्टोरी'ची गोष्ट मराठी माणसाला सांगायला घेतली की तिसऱ्या वाक्याला समोरचा म्हणतो, "अच्छा, म्हणजे 'बागबान'." म्हातारे आईवडील आहेत, मुलांना त्यांच्यासाठी वेळ नाही, झालं. समोरचा नाटकं बघणारा असेल तर 'नटसम्राट' म्हणतो. आणि जुने सिनेमे पाहिलेला एखादा काका भेटलाच तर राजा परांजप्यांचा 'ऊन पाऊस' काढतो. तो १९५४चा, म्हणजे यासुजिरो ओझूच्या या सिनेमाच्या अगदी पुढच्या वर्षीचा. निवृत्त मास्तर, त्यांची बायको आणि त्यांना वाटून घेणारी मुलं.

साम्य आहेच. पण आपल्याकडच्या या सगळ्या कलाकृतींमध्ये कुठेतरी कोर्ट भरतं. मुलं आरोपीच्या पिंजऱ्यात, आईवडील फिर्यादी, आपण प्रेक्षक म्हणजे ज्यूरी. 'बागबान'मध्ये तर अमिताभ शेवटी माइकसमोर उभा राहून निकालपत्रच वाचून दाखवतो. आपण रडतो, घरी फोन करतो, आणि पुढच्या आठवड्यापासून सगळं पूर्ववत. ओझू हे कोर्ट भरूच देत नाही. हे मला सिनेमातल्या एका छोट्या तुकड्यावरून दाखवायचंय. हा तुकडा समुद्रकिनाऱ्यावर घडतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. साल १९५३. ओनोमिची नावाच्या बंदराच्या गावातून शुकिची आणि तोमी हे सत्तरीकडे झुकलेलं जोडपं मुलांना भेटायला टोक्योला येतं. थोरला कोइची डॉक्टर आहे, म्हणजे मोठा सर्जन वगैरे नव्हे, टोक्योच्या कडेच्या वस्तीत दवाखाना चालवणारा. मुलगी शिगे घरातच ब्यूटी पार्लर चालवते. मधला मुलगा युद्धातून परतलाच नाही, त्याला आठ वर्षं झाली. त्याची बायको नोरिको ऑफिसात नोकरी करून एका खोलीत एकटी राहते. धाकटा ओसाकाला रेल्वेत, सगळ्यात धाकटी गावी शिक्षिका. सिनेमा १३६ मिनिटांचा, ब्लॅक अँड व्हाइट, आणि कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवलेला, जवळजवळ कधीच न हलणारा. पहिली वीस मिनिटं काही घडत नाही असं वाटतं. फोन उलटा ठेवा आणि बसा. हळूहळू दिसायला लागतं.

रविवारी कोइची आईवडिलांना शहर दाखवायला निघणार असतो. कपडे घालून सगळे तयार. तेवढ्यात एका आजारी मुलाचा बाप येतो आणि कोइचीला जावं लागतं. शिगेच्या पार्लरमध्ये गिऱ्हाइकं. नोरिको एक दिवस रजा काढून त्यांना बसमधून टोक्यो दाखवते. पण रोज रजा कोण देणार? मग भाऊबहीण एकत्र बसून हिशोब करतात. इथे ठेवायचं तर कुठेतरी फिरवायला हवं, त्यालाही पैसे लागणारच. त्यापेक्षा दोघांनी वर्गणी काढून त्यांना अतामीला पाठवू. गरम पाण्याचे झरे आहेत, समुद्र आहे, शांत आराम करतील. शिगेच्या नवऱ्यालाही कल्पना आवडते. कुणाच्याही मनात पाप नाही.

अतामी टोक्योपासून रेल्वेने शंभरेक किलोमीटरवर. आपल्या हिशोबानं मुंबईकरांचं अलिबाग समजा, फक्त डोंगर थेट समुद्रात उतरलेला आणि त्यावर हॉटेलंच हॉटेलं. म्हातारा-म्हातारी हॉटेलचे सुती किमोनो घालून खिडकीशी बसतात, समुद्र किती शांत आहे म्हणतात. मुलांनी उगीच खर्च केला, असंही म्हणतात, आणि ते म्हणताना खूश असतात. मग रात्र होते. शेजारच्या खोल्यांत पत्ते-जुगाराचे अड्डे बसतात, फरशांचा खडखडाट, आरडाओरडा. खाली रस्त्यावर गाणारे-वाजवणारे फिरतायत. ओझू आपल्याला त्यांच्या खोलीबाहेरच्या चपलांच्या दोन जोड्या दाखवतो, व्यवस्थित शेजारी-शेजारी ठेवलेल्या. आत दोघं जागे. कूस बदलतायत.

सकाळी ते समुद्राच्या बांधावर जाऊन बसतात. लांबून, पाठमोरे, अगदी लहान दिसतात. ही जागा तरुणांसाठी आहे, असं काहीसं शुकिची म्हणतो. तक्रारीच्या सुरात नाही. बूट पायाला बसत नाहीत हे दुकानदाराला सांगावं तसं. टोक्यो पाहिलं, अतामीही पाहिलं, आता घरी जाऊ या असं ठरतं. उठताना तोमीला चक्कर येते. ती क्षणभर खाली बसते, मग काही नाही म्हणत उठते आणि नवऱ्यामागून बांधावरून चालू लागते. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही चक्कर लक्षात राहीलच असं नाही. संगीत वाढत नाही, चेहऱ्यावर क्लोजअप नाही. पुढे ही बाई मरणार आहे, एवढी मोठी सूचना ओझूनं ती एका टॅक्सच्या फॉर्मच्या तळटीपेसारखी दिलीय.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ओनोमिची हे समुद्रावरचं गाव आहे. सिनेमा सुरू होतो तोच तिथल्या बंदरानं आणि होड्यांच्या इंजिनांच्या टकटक आवाजानं. या माणसांच्या घरातून पाणी दिसतं. आयुष्यभर त्यांनी समुद्रच पाहिलाय. आणि मुलांनी त्यांना कुठे पाठवलं? समुद्र बघायला. म्हणजे मालवणच्या माणसाला खास जुहू चौपाटी दाखवायला नेण्यातला प्रकार. सिनेमात एकही पात्र हे बोलून दाखवत नाही. ओझू दोन समुद्र दाखवतो आणि गप्प बसतो.

आमचं घर वेंगुर्ल्याचं. मी गेली चार वर्षं न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या वर्षी आईबाबा पहिल्यांदा आले ते हिवाळ्याच्या शेवटी. मी ऑफिसात किंवा मीटिंगमध्ये, बाहेर थंडी, गाडी चालवता येत नसलेल्या माणसाला त्या उपनगरात किराणा दुकानही गाठता येत नाही. बाबा खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर वाचायचे. माझी मावसबहीण, आमची सुमाताई, फ्लोरिडात टॅम्पाला असते. मार्चमध्ये तिच्या मुलांना स्प्रिंग ब्रेक होता, आठवडाभराची सुट्टी. तिचा फोन आला: मावशीला आणि काकांना घेऊन ये, इथे छान ऊन आहे, आपण सगळे दोन दिवस क्लिअरवॉटर बीचवर राहू. मी त्याच रात्री तिकिटं काढली. आता वरचा परिच्छेद पुन्हा वाचलात तर कळेल की कोइची आणि शिगेबद्दल मला वकिली करावीशी का वाटते. नातेवाईक होते, ऊब होती, मुलं होती, समुद्र होता. यापेक्षा चांगली योजना मला आजही सुचत नाही.

ताईच्या मुलीनं, अकरा वर्षांच्या, आपली खोली आजी-आजोबांना दिली होती आणि तिचं टेबल जेवणाच्या खोलीत आलं होतं. 'टोक्यो स्टोरी'त नेमकं हेच होतं: आजी-आजोबा येणार म्हणून मिनोरु नावाच्या नातवाचं टेबल बाहेर काढलेलं असतं आणि तो अभ्यास कुठे करू म्हणून आईशी भांडतो. भाची भांडली नाही. तिनं टेबलावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. जागा कमी पडते तेव्हा पाहुणचाराचा पहिला हप्ता नेहमी घरातलं सगळ्यात लहान माणूस भरतं.

क्लिअरवॉटरला जाणारा मेमोरियल कॉजवे त्या आठवड्यात गाड्यांनी तुंबलेला असतो. पोचल्यावर मात्र डोळे दिपतात. वाळू साखरेसारखी पांढरी, जवळजवळ निव्वळ गारगोटीची, त्यामुळे उन्हात फार तापत नाही. पाणी शांत, हिरवट, मार्चमध्ये अजून गार. स्प्रिंग ब्रेक हा शब्द मुळात तिथल्या कॉलेजच्या पोरांचा. त्यामुळे किनाराभर ती आणि त्यांचे स्पीकर. बाबा फुल पँट आणि मी घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज घालून भाड्याच्या छत्रीखाली बसले. आई सगळ्यांच्या पिशव्या, चपला आणि फोन सांभाळत बसली. ते काम तिला कुणी दिलं नव्हतं. जिजू अधूनमधून लॅपटॉप उघडायचे, कारण सुट्टी शाळेला होती, कंपनीला नव्हती. संध्याकाळी पिअर सिक्स्टीवर सूर्यास्त बघायला गर्दी जमते, खेळवाले, वाजवणारे येतात. फ्लोरिडाचा तो किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. वेंगुर्ल्याचाही. सूर्य पाण्यात गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "समुद्र तसोच आसा. वाळू तेवढी पांढरी." रात्री हॉटेलात आमच्या वरच्या मजल्यावर पोरांची पार्टी दोनपर्यंत चालली.

मी हे सांगतोय ते माझे आईबाबा दुःखी होते म्हणून नाही. ते नव्हते. बाबांनी त्या टाळ्यांची नक्कल नंतर दहा जणांना करून दाखवली. मुद्दा वेगळा आहे. आपल्याकडे सुट्टीत नातेवाइकांकडे जाण्याचं जे जुनं यंत्र होतं, ते मे महिन्यात शहरातून गावाकडे चालायचं. मामाचा गाव, पडवीत ओळीनं गाद्या, आंबे, समुद्र. त्यात पाहुण्यांना फिरवावं लागत नसे, कारण दिवसभर घरात माणसं असत. खरं तर एक माणूस असे: मामी. पंधरा जणांचा चहा, दोन वेळचं जेवण, पोरांची न्हाणी, सगळं तिच्या अंगावर. सुट्टीच्या आठवणींवर मराठीत इतकं लिहिलं गेलं, त्यात मामीचा घाम किती ओळींत आहे ते मोजून बघा. आता यंत्र उलटं फिरतं. म्हातारी माणसं गावातून शहराकडे, शहरातून परदेशाकडे येतात, आणि दिवसा घरात कुणीच नसतं. मग जो वेळ नाही त्याच्या जागी पैसा ठेवला जातो. अतामीचं हॉटेल म्हणजे विकत घेतलेली मामी.

ओझूला हे १९५३ मध्ये दिसलं, टोक्यो ओसाका शिंकानसेन धावायला अजून अकरा वर्षं होती तेव्हा. म्हणून मला हा सिनेमा कृतघ्न मुलांचा वाटत नाही. तो वेळेच्या टंचाईचा सिनेमा आहे. आमच्या धंद्यात एखाद्या सर्व्हरवर शंभर टक्के लोड असेल तर पुढची साधी विनंतीही अडकते. सर्व्हर वाईट आहे म्हणून नाही, मोकळी जागा उरलेली नाही म्हणून. कोइची तसा आहे. त्याच्या रविवारी आईवडील आणि एक आजारी पोर यांच्यात निवड करायची वेळ येते. तो पोराकडे जातो. तुम्ही कुणाला पाठवलं असतं?

यावर लगेच उत्तर येतं: मग नोरिको? तिला बरा वेळ मिळाला! ती तर सख्खी मुलगीही नाही. सेत्सुको हारानं केलेली ही नोरिको बहुतेक समीक्षकांची लाडकी. शेजारणीकडून दारू आणि भांडं उसनं आणून सासऱ्याला पाजते, सासूला आपल्या खोलीत झोपवते, तिच्या हातात पैसे ठेवते. पण सिनेमा नीट ऐका. सासू गेल्यावर धाकटी क्योको भावंडांवर चिडते तेव्हा नोरिकोच तिला समजावते की मुलं वाढली की आईबापांपासून लांब जातात, शिगेचंही स्वतःचं आयुष्य आहे, आणि नको असलं तरी मीही उद्या तशी होईन. नोरिकोजवळ वेळ आहे कारण तिचा नवरा मेलेला आहे आणि तिला मूल नाही. तिचा चांगुलपणा खरा आहे, पण त्याची जागा एका मरणानं रिकामी केलेली आहे. तिला हे ठाऊक आहे. म्हणून सासरा तिची स्तुती करतो तेव्हा ती मी तितकी चांगली नाही म्हणते आणि रडते. हा विनय नव्हे.

खरी अडचण शिगेची आहे, आणि इथे माझी वकिली लंगडी पडते. हारुको सुगिमुरानं ही भूमिका इतकी अचूक केलीय की तिच्याकडे बघताना तुम्हाला तुमची एखादी आत्या आठवेलच. नवऱ्यानं सासू-सासऱ्यांसाठी महाग केक आणले तर बिस्किटं चालली असती म्हणते, आणि बोलता बोलता केक स्वतः खाते. आईवडील अतामीहून ठरल्याआधी परत येतात तेव्हा गिऱ्हाइकाला ते गावाकडचे ओळखीचे आहेत म्हणून सांगते. त्या संध्याकाळी तिच्याकडे पार्लरवाल्यांची बैठक आहे, त्यांना ठेवायला जागा नाही. शुकिची हसत बायकोला म्हणतो की आपण आता अगदीच बेघर झालो. आई जाते तेव्हा शिगे मनापासून रडते, आणि दुःखवट्याच्या जेवणावर वडील जरा बाहेर जाताच म्हणते की आधी बाबा गेले असते तर बरं झालं असतं. मग आईचा कुठला किमोनो आठवण म्हणून हवा ते सांगते.

जागा नाही, वेळ नाही, हे मी समजू शकतो. पण गिऱ्हाइकासमोर आईवडिलांना ओळखीचे म्हणायला वेळ लागत नाही आणि जागाही लागत नाही. ते टंचाईच्या खात्यात बसत नाही. ते दुसरं काहीतरी आहे: शहरात स्वतःला नव्यानं उभं केलेल्या माणसाला गावाकडच्या बॅगा दारात दिसल्या की वाटणारी लाज. ती लाज वेंगुर्ल्याहून पुण्याला हॉस्टेलवर गेलेल्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. 'बागबान'ची मुलं लबाड आहेत, त्यामुळे ती आपल्यापासून सुरक्षित अंतरावर राहतात. शिगे लबाड नाही. ती रडते तेव्हाही खरी आहे आणि किमोनो मागते तेव्हाही खरी आहे, आणि दोन्हींमध्ये जेमतेम एका जेवणाचं अंतर आहे.

ओझूवर माझा एक आक्षेप आहे. नोरिको फार हसते. हाराचं ते हसू जगप्रसिद्ध आहे, पण पाऊण सिनेमा ते इतक्या सातत्यानं चेहऱ्यावर असतं की शेवटच्या रडण्यासाठी आधीपासून केलेली साठवण वाटते. शिगेला तिनं वाकड्या कोपऱ्यांसकट घडवलं, नोरिकोला मात्र तासून गुळगुळीत केलं. शिवाय कोइचीची बायको फुमिको, जी खरंतर या घरची मामी आहे, अंथरुणं घालते, पाणी तापवते, तिच्या मनात काय चाललंय ते ओझूलाही फारसं विचारावंसं वाटलेलं नाही. मामी इथेही कडेलाच.

परतीच्या प्रवासात तोमीची तब्येत बिघडते म्हणून ते ओसाकाला धाकट्याकडे उतरतात. तिथे नवरा-बायको बसून मुलांचा ताळेबंद मांडतात. शिगे पूर्वी किती मायाळू होती. कोइचीही बदललाय. पण हावरेपणा करू नये. हल्लीच्या मुलांच्या मानानं आपली सरासरीपेक्षा बरी आहेत. बरीच बरी आहेत. आपण नशीबवान. ते एकेक पायरी वर चढत जातात, जणू दोघं मिळून एखादी रक्कम पुढच्या पूर्ण आकड्यापर्यंत नेतायत. चिशू र्‍यू आणि चिएको हिगाशियामा हा प्रसंग इतक्या हलक्या आवाजात करतात की त्यात उपरोध आहे की समाधान हे मला तीनदा बघूनही ठरवता आलेलं नाही.

यानंतर लगेच ओझू आपल्याला कोइचीच्या घरी नेतो. गावाहून पत्र आलेलं आहे. आईवडिलांना सहल आवडली असेल का, असा विषय निघतो, आणि कोइचीला त्यात शंका वाटत नाही. एवढं बघितलं, अतामीलाही गेले. आता गावात कितीतरी दिवस तेच सांगत बसतील. तेवढ्यात तार येते.